दोऱ्याच्या आत बिडी नाही

बोर्ड लावून तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी रिक्षातून उतरले, तर बोर्डाच्या खिळ्याला कोणाचा तरी जेवणाचा डबा लटकत होता. डब्याखाली ओट्यावर सातजण बसले होते आणि सगळ्यांच्या हातात बिडी होती. डब्यामागे झाकलेली अक्षरं मीच सांगून रंगवून घेतली होती : 'येथे लहान मुले आहेत. कृपया धूम्रपान करू नये.'

मला बघून एकजण सरकला आणि त्यानं जागा करून दिली. "बैठो सिस्टर."

माणसं वाईट नव्हती, आणि माझी खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत कामतघरला एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथं मी नर्स होते. दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून ट्रस्टची बालवाडी होती. एकच खोली, पुढं दार आणि दाराला लागून लांब ओटा. मागच्या भिंतीत उंचावर एक खिडकी. पूर्वी ही खोली शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याची सुताची कोठी होती. मालकानं ती मुलांसाठी दिली, पण ओट्यावरचा कामगारांचा हक्क काही सुटला नाही.

कामगारांचंही बरोबर होतं. लूमच्या आत बिडी कोणी ओढत नाही. हवेत सुताची रुई उडत असते, एक ठिणगी पडली तर सगळं खाक. त्यासाठी आत बोर्ड नाही, दंड नाही, वॉचमन नाही. पण मोठ्यात मोठा उनाड माणूससुद्धा आत काडी पेटवत नाही. बाहेर येतो, ओट्यावर बसतो आणि ओढतो. एरवी एकेकटे यायचे. पण लोडशेडिंग सुरू झालं आणि सगळं गणित बिघडलं. साडेदहाला लाईट जायची, लूम थांबायचे आणि अख्खा कारखाना एकदम ओट्यावर यायचा. बालवाडीची वेळ दहा ते एक.

मला ह्या धुराशी काय देणंघेणं होतं ते सांगते. बालवाडीत सोनी नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिला दमा होता. तिची आई मंजुळा आंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची. ती बालवाडीच्या गल्लीतच कांडी भरायची, म्हणजे लूममध्ये जाणाऱ्या छोट्या नळ्यांवर मशीननं सूत गुंडाळायची. नवरा पूर्णा गावच्या गोदामात हमालीला. घरात सोनीला बघायला कोणी नाही, म्हणून बालवाडी. आणि बालवाडीत आली की पोरीची छाती वाजायला लागायची. थंडीच्या सुरुवातीपासून दोनदा तिला बालवाडी सुटल्यावर दवाखान्यात आणून मशीननं वाफ द्यावी लागली होती.

दुसऱ्या वेळी मंजुळा मला म्हणाली, "बाय, अजून एकदा असा झाला तर होळीला गावाला जाऊ तवा तिला आयेजवळ ठेवून येन."

"पाड्यावर? तिथं दवाखाना कुठाय?"

"न्हाय."

"आणि रस्ता?"

"तासभर चालाचा."

"मग तिथं असा अटॅक आला तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हितं तर येतोच हाय ना."

होळीला महिना-सव्वा महिना होता.

बिडीचा धूर दोन वाटांनी जातो. ओढणाऱ्याच्या छातीत जातो तो एक. जळत्या टोकातून नुसताच निघतो तो दुसरा. हा दुसरा धूर कोणी ओढत नाही, म्हणून तो कोणाचाच नाही असं सगळ्यांना वाटतं. तो शेजारी बसलेल्याच्या छातीत जातो. लहान मुलाची श्वासनळी मुळात बारीक, आणि दमा असेल तर धुरानं ती आणखी आवळते. मला एवढंच करायचं होतं की ह्या तीस पोरांच्या आसपास तो दुसरा धूर नको. बिडी सोडा, असं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगायला गेले असते तर डबाच काय, बोर्डावर पायजमेही वाळत पडले असते.

डब्याची गोष्ट मी डॉक्टरांच्या कानावर घातली. आमचे डॉक्टर हुशार आणि कनवाळू माणूस, पण प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक छापील कागद असायचा.

"बोर्ड छोटा पडला असेल, सिस्टर."

"तीन फुटी आहे, सर."

"मग लाल रंगात करा. खाली दंड लिहा."

"दंड घेणार कोण? मी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसत. सार्वजनिक जागी बिडी ओढली तर दंड, हे आमच्या गल्लीत तेव्हा कोणी ऐकलंही नव्हतं. जे काही व्हायचं ते लोकांच्या मर्जीनंच व्हायला हवं होतं.

"मग बोला त्यांच्याशी," चष्मा घालत ते म्हणाले. "तुम्हाला छान बोलता येतं."

मला छान बोलता येतं हे खरं आहे. माझ्या सासूबाई ह्यालाच तोंडाळपणा म्हणत.

बोलायचं तर कोणाशी, हे बालवाडीच्या सुमनताईंनी सांगितलं. सुमनताई तिथल्याच, आगरी घरातल्या. त्यांचा आवाज असा की तीस पोरं आणि शेजारचे लूम दोन्ही एकदम दबावेत.

"सगल्यांशी नका बोलू, सिस्टर. एक शौकत जॉबरशी बोला. तो 'हाय' बोलला का हाय, 'न्हाय' बोलला का न्हाय."

जॉबर म्हणजे लूमचा मिस्त्री. लूम अडला की तो नीट करणार, म्हणून सगळे कामगार त्याला धरून असतात. शौकतभाई पन्नाशीचे, सडपातळ. वीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आले आणि इथलेच झाले. लूमच्या आवाजानं कान निम्मे गेलेले, त्यामुळे बोलायचे ते ओरडून. बिडी ओढायची त्यांची एक तऱ्हा होती. बिडी बोटांत नाही, मुठीत. बंद मुठीच्या खालच्या बाजूनं बिडी घालायची आणि वरच्या भोकातून ओढायचं. अख्ख्या गल्लीत असं ओढणारे ते एकटे.

मी त्यांना सोनीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हणजे दोनदा सांगायला लावलं.

"बस इतना ही? ओटा खाली करना है?"

"हां."

"हो जाएगा."

आणि खरोखर झालं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर एक माणूस नाही. डबासुद्धा गेला, बोर्ड दिसायला लागला. मी रोज अकराच्या सुमाराला रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवायचे, लांबूनच ओटा बघायचे, डायरीत 'निरंक' लिहायचे आणि पुढं जायचे. दोन आठवडे ओळीनं निरंक. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी ट्रस्टला पत्र लिहिलं. ट्रस्टचे अध्यक्ष येतील, फीत कापतील, 'धूरमुक्त बालवाडी' म्हणून जाहीर करतील. तारीख होळीच्या आधीची ठरली. मीही मनातून फुगले होते, खोटं कशाला बोलू.

सोनीचा खोकला तेवढा जात नव्हता. थंडी उतरतेय, हवा बदलतेय, होईल कमी, असं मी मंजुळाला सांगत होते. पंधरा वर्षांचा अनुभव असला की माणूस असली वाक्यं झोपेतही बोलतो.

एका सोमवारी सव्वाअकराला सुमनताई सोनीला उचलून पळत दवाखान्यात आल्या. पोरीचे ओठ काळवंडले होते आणि गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मी वाफेचं मशीन ओढलं, बटण दाबलं. काही नाही. लोडशेडिंग! दवाखाना आणि बालवाडी एकाच लाईनवर, हे त्या क्षणी मला आठवलं. मग पंप काढला, दम्याच्या औषधाचा, तोंडात फवारा मारायचा असतो तो. पण चार वर्षांच्या पोरीला तो ओढता येत नाही. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं आणि बाटलीचं तोंड तिच्या तोंडात धरलं. फवारा बाटलीत मारायचा, पोरीनं नेहमीसारखा श्वास घ्यायचा. एक, दोन, तीन. डॉक्टर शेजारी नाडी धरून उभे. वीसेक मिनिटांनी तिच्या ओठांवर रंग आला आणि तिनं पहिलं वाक्य म्हटलं, "माझी पाटी राहिली."

मंजुळा कांडीवरून तशीच आली होती, केसांत रुई. ती रडली नाही. पोरीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "बाय, ठरला आता. होळीला नेतंय."

मला राग आला. लोडशेडिंगचा, बिडीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या डायरीचा. ओटा रिकामा होता हे मी रोज पाहत होते. मग धूर येत कुठून होता?

दुसऱ्या दिवशी मी साडेदहाच्या आधीच बालवाडीत जाऊन बसले. आत, मुलांच्या सतरंजीवर. इतक्या दिवसांत मी एकदाही आत बसले नव्हते. दारातून डोकावायचं, वजनं घ्यायची, निघायचं.

साडेदहाला लाईट गेली. शेजारचा खडखडाट एकदम थांबला, जसा गिरणीचा पट्टा निसटावा. पंखाही थांबला. पाच मिनिटं गेली. मागच्या खिडकीवर सुमनताईंनी ऊन अडवायला बाहेरून गोणपाट सोडलं होतं. त्याच्या कडेनं उन्हाची एक पट्टी आत पडली होती. त्या पट्टीत धूर दिसायला लागला, आधी एक रेघ आणि मग चांगला लोंढा. तो खाली यायचा, मुलांच्या डोक्यांवरून फिरायचा आणि दाराकडे जायचा. सोनीची रोजची जागा खिडकीखालच्या भिंतीला टेकून होती. घरी बघायला कोणी नाही म्हणून ती आजही आली होती; तिला मी उचलून दाराशी बसवलं.

मी स्टुलावर चढले आणि गोणपाट बाजूला केलं. खोलीच्या आणि कारखान्याच्या मधल्या बोळात अख्खी मंडळी बसली होती. शौकतभाईंची मूठ तोंडाशी होती.

"शौकतभाई! ये क्या है?"

त्यांनी वर पाहिलं. आवाज कुठून आला हे कळायला त्यांना वेळ लागला. "क्या हुआ सिस्टर? ओटा तो साफ है."

"ओटा साफ है. और ये खिडकी?"

शौकतभाई उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. मग अगदी मनापासून म्हणाले, "ये खिडकी खुलती है?"

ते थट्टा करत नव्हते. लूमच्या कारखान्यात खिडक्या उघडत नाहीत. वारा लागला की सूत कोरडं होतं आणि पटापट तुटतं, म्हणून खिडक्या कायमच्या बंद, वर धूळ आणि रुईचा थर. ह्या माणसांचे दिवसातले बारा तास अशा भिंतींत जातात. आमची खोली सुताची कोठी होती तेव्हाही ती खिडकी खिळे मारून बंदच होती. ट्रस्टनं ती मुलांसाठी उघडली हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि गोणपाटामुळे ते कळणारही नव्हतं. त्यांच्या लेखी ती भिंत होती. ते मुलांपासून लांब, भिंतीआड बसत होते.

"खिडकी बंद करून टाकू का?" मी सुमनताईंना विचारलं.

"आन् पोरां उकडून मरूं द्या? पंखा बंद, लाईट न्हाय. काय बी बोलता सिस्टर."

बरोबर होतं. मी पुन्हा बोळात डोकावले. "शौकतभाई, आप अंदर आओ."

"मैं? अंदर?"

"हां. दस मिनट."

ते दारात चपला काढून आले आणि सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले. त्यांची नात नाज ह्याच बालवाडीत होती. आजोबा शाळेत आलेले बघून ती लाजली आणि सोनीच्या मागं लपली. बोळातल्या बाकीच्यांच्या बिड्या अजून जळत होत्या. मी उन्हाच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"दिखा?"

"दिखा." त्यांनी नाकानं हवा ओढून पाहिली. "लेकिन मुझे तो कुछ लग नहीं रहा, सिस्टर."

तीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाला धुराचा वास कसा येणार? माझी युक्ती फसली होती. त्यांना समोर बसवून काय सांगायचं ह्याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात पोरांनी आपला खेळ सुरू केला. पाहुणा पाच मिनिटांपेक्षा जास्त बसला की पोरांच्या लेखी तो फर्निचर होतो.

दोन रांगा करून पोरं उभी राहिली आणि हात पुढंमागं करत 'खटाक-खटाक' असा आवाज करायला लागली.

"कारकाना-कारकाना खेलतात," सुमनताई म्हणाल्या. "रोजचा हाय."

शौकतभाई हसले. "अरे वा!"

इथं लूममधली एक रीत सांगायला हवी. आत आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एकेका कामगाराकडे चार-सहा लूम. त्याला बिडी ओढायला बाहेर जायचं असेल तर तो शेजारच्याकडे बघतो, दोन बोटं ओठांना लावतो आणि अंगठ्यानं आपल्या लूमकडे दाखवतो. शेजारचा मान हलवतो. म्हणजे, तू जा, तुझे लूम मी बघतो. परतल्यावर हाच त्याच्यासाठी थांबतो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण ह्याच्यावरच कारखाना चालतो.

तर खटाक-खटाक चाललेलं असताना नाज थांबली. तिनं शेजारच्या सोनीकडे पाहिलं, दोन बोटं ओठांना लावली आणि अंगठ्यानं मागं दाखवलं. सोनीनं गंभीरपणे मान हलवली आणि ती दोघींची जागा सांभाळायला लागली. नाज रांगेतून निघाली, खिडकीखाली आली. फळ्याखालचा खडूचा तुकडा उचलला. तो बोटांत नाही धरला. मुठीत धरला, खालच्या बाजूनं. मूठ तोंडाशी नेली, डोळे बारीक केले, गाल आत ओढले आणि वर बघून फू केलं. मग दोनदा खोकली, मोठ्या माणसासारखं, खोल. खडू खाली टाकून टाचेनं चुरडला आणि परत जाऊन सोनीकडे बघून मान हलवली. आता सोनीची पाळी. सोनीनं दोन बोटं ओठांना लावली.

मी शौकतभाईंकडे पाहिलं. ते आधी हसत होते. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र नातीच्या मुठीवर. थोड्या वेळानं त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली.

"ये तो मेरा हाथ है," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

मला तिथं दम्यावर, धुरावर, पोरं बघूनच कशी शिकतात ह्यावर बरंच काही बोलता आलं असतं. सुमनताईंनी माझा पदर ओढला. मी गप्प राहिले. नोकरीतल्या माझ्या मोठ्या पराक्रमांपैकी हा एक.

शौकतभाई उठले, चपला घातल्या आणि बोळात गेले. लाईट अजून यायची होती, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. मी आणि सुमनताई खिडकीत.

"खाते में बिडी कौन जलाता है?" त्यांनी विचारलं. खाता म्हणजे लूमची शेड.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा काय प्रश्न झाला?

"कोई नहीं, चाचा."

"तो आज से ये गल्ली भी खाता है. उधर मोड से इधर मीटर के खंबे तक. ओटा, बोळ, सब. पीना है तो मोड के बाहर, भंगार के पास."

एक धिप्पाड गडी होता, सगळे त्याला पैलवान म्हणत. तो म्हणाला, "और कोई जलाया तो?"

शौकतभाईंनी अंगठ्यानं कारखान्याकडे दाखवलं. "उसका लूम कोई नहीं देखेगा."

ह्यापेक्षा जबर दंड त्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि तो आमच्या डॉक्टरांच्या कोणत्याच कागदावर नव्हता.

त्याच दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांना, छातीच्या उंचीवर, पांढऱ्या सुताचा एकेक दोरा बांधला गेला. लूमवर उरलेलं वाया सूत. दिसायला काहीच नाही, फुंकर मारली तर तुटेल. पण दोरा दिसला की कामगाराचं पाऊल आपोआप अडतं. ताणलेल्या सुताला धक्का न लागू देणं हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. दोरा आला की वाकायचं, आणि वाकताना हातात काय आहे ते आठवायचं. माझ्या तीन फुटी बोर्डाला हे जमलं नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी पैलवाननं दोऱ्याच्या आत बिडी पेटवली. नियम खरा आहे का ते बघायला असेल, किंवा नुसती सवय. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. लाईट आली, लूम सुरू झाले. तासाभरानं त्यानं शेजारच्याकडे बघून दोन बोटं ओठांना लावली. शेजारचा आपल्या सुताकडे बघत होता. दुसऱ्या बाजूला पाहिलं. तो वर छताकडे बघत होता. संध्याकाळपर्यंत पैलवान आपल्या सहा लूमपाशी जागचा हलू शकला नाही. बिडी सोडा, लघवीलासुद्धा जाता येईना. शेवटी शौकतभाईंनीच त्याचे लूम धरले. हे मला त्यांनी हातवारे करून दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसून. पैलवाननं पुन्हा चूक केली नाही. उलट पुढं तोच दोऱ्याचा पहारेकरी झाला.

मग अध्यक्षांचा दिवस आला. पांढरा सफारी, गळ्यात हार, बरोबर फोटोग्राफर. डॉक्टरांनी तबकात कात्री आणली होती, पण लाल फीत आणायची राहिली. अध्यक्ष गल्लीच्या तोंडाशी आले, समोर दोरा दिसला. त्यांना वाटलं हीच फीत. साधेपणाचं कौतुक करत त्यांनी कात्री उचलली.

"नहीं! नहीं!" चाळीस माणसं एकदम ओरडली.

पण तोवर दोरा तुटला होता. लूमवाल्यासमोर ताणलेलं सूत तोडणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट लाथाडणं. फोटोग्राफर घाबरून मागं सरला. शौकतभाई पुढं आले, दोन्ही टोकं उचलली, बोटांची एक चाळवाचाळव केली आणि गाठ बसली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग त्यांनी नरमाईनं सांगितलं, "साहब, ये काटने का नहीं है. ये बांधने का है."

अध्यक्ष समजूतदार निघाले. त्यांनी कात्री तबकात ठेवली आणि दुसऱ्या तोंडाला नवा दोरा स्वतःच्या हातानं बांधला. तीनदा सुटला. चौथ्यांदा पैलवाननं बोट धरून दिलं. उद्घाटन गाठ मारून झालं, आणि डॉक्टर सगळा वेळ चष्मा पुसत होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंजुळा कांडीच्या दारात उभी राहून बघत होती. मी तिच्याकडे गेले.

"बघितलंस ना? आता धूर नाही. आठ दिवस झाले, सोनीची छाती वाजली का?"

"न्हाय वाजली."

"मग?"

"मागं बी तुम्ही बोललेला, धूर न्हाय. वहीत बी लिवलेला."

दोन आठवड्यांचं निरंक माझ्याच अक्षरात होतं.

होळीला ती गेली. सोनी कडेवर, तिच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर. मी बरोबर पंप दिला, बाटली दिली, आजीला कसं शिकवायचं ते मंजुळाकडून तीनदा करून घेतलं. रिक्षा निघाली तेव्हा सोनी मागच्या बाजूनं हात हलवत होती. मला फार वाईट वाटलं. लाज वाटली असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

होळीनंतर पाचव्या दिवशी मंजुळा परत आली. एकटी.

ती मला बघूनही थांबली नाही. साडेदहा वाजत होते. ती दोऱ्याखालून वाकून सरळ बालवाडीत गेली आणि सोनीच्या जागेवर, खिडकीखालच्या भिंतीला टेकून खाली बसली. सुमनताई काही बोलणार होत्या, मी खूण करून थांबवलं. लाईट गेली. लूम थांबले. गोणपाट आता काढून टाकलं होतं, खिडकी सताड उघडी. मंजुळा पाठ टेकून, मान वर करून बसली. नाजनं तिला खडू आणून दिला, तिनं तो हातात धरला. बाहेरून लोकांच्या बोलण्याचे आवाज आले, ते गल्लीच्या वळणाकडे लांब गेले. मंजुळा हलली नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ती लाईट येईपर्यंत बसली.

मग उठली आणि लुगड्याला लागलेला खडू झटकला.

"रविवारी आणतंय तिला," एवढंच म्हणाली आणि कांडीवर गेली.

सोमवारी सकाळी सोनी आली. दोरा तिच्या डोक्याच्या बराच वर होता, तरी ती वाकून आत गेली. कारखाना-कारखाना पोरं पुढंही खेळत होती. फक्त आता ज्याची पाळी असेल तो दाराबाहेर, पार वळणापर्यंत पळत जायचा आणि सुमनताई त्याच्यामागे ओरडत धावायच्या. एका नियमानं सगळी दुखणी बरी होत नाहीत. शौकतभाईंची बिडीही सुटली नाही. ती भंगारापाशी गेली, आणि मुठीतून बोटांत आली.

पुढं मी आणखी बऱ्याच ठिकाणी हे काम केलं. शाळांचे दरवाजे, मैदानं, एक बसथांबा. कोणी उत्साहानं बोर्डाचा मजकूर विचारायला आलं की मी आधी विचारते, पोरं जिथं बसतात तिथं मला तासभर बसायला जागा आहे का?